पूजेच्या पाण्याची आमटी

अहो,

गावातला हापसा कालपासून कोरडा हाय, म्हणून मळ्यातल्या विहिरीवर पाण्याला चालले. यायला दुपार होईल.

तुमच्या आप्पांसाठी शेंगदाण्याची आमटी चुलीवर हाय. त्यांना दात न्हाईत, म्हणून दाणे पाट्यावर गंधासारखे वाटलेत. मंद जाळावर ढवळत राहा, न्हाईतर खाली लागंल.

कोनाड्यातल्या तांब्याला हात लावू नका. ते आप्पांच्या लिंगपूजेचं पाणी हाय; ते अन् आजच्या आमटीपुरतं, दोन्ही शेजारच्या गुरम्माकाकूंकडून मागून आणलंय. पूजेबिगर ते घास घेत न्हाईत, तुम्हाला ठाऊकच हाय.

काल पूजेचं पाणी मी आमटीत ओतलं. घरात दुसरं नव्हतं, अन् तुम्ही आठ दिवसांनी कालच घरी जेवायला येणार होता. आप्पा जेवले न्हाईत, तर तुम्हाला वाटलं, नव्या जिल्ह्याच्या गावी, लातूरला, आपल्यासंगं राहायला यायचं न्हाई म्हणून रुसलेत. लई बोललात त्यांना. बोलता बोलता आमटी दोनदा मागून घेतलीत. आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं, अन् "भूक न्हाई" एवढंच म्हणाले.

मला काय बोलायचं ते आल्यावर बोला. पण आज त्यांची पूजा होईपर्यंत तुम्ही जेवू नका.

नीला