कळी आल्यावर किती पाणी

आप्पा,

१. परसातल्या लिंबोणीच्या ड्रिपचा टायमर डिसेंबरात जळाला. मी पाच आठवडे कामासाठी बाहेरगावी होते. आईच्या ते लक्षात आलं नाही.
२. परत आले तेव्हा निम्मी पानं गळाली होती. मी बुंध्याभोवती एक बादली पाणी घातलं.
३. आज पंधरावा दिवस. झाडाला कळ्या आल्या आहेत. तुम्ही गेल्यानंतर चार वर्षांत पहिल्यांदाच.

बहर धरायचा तर आधी पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, हे मला बारावीपासून माहीत आहे. त्या जानेवारीत पानं मलूल झालेली बघवेनात, म्हणून तुम्ही कारखान्यावर पाळीला गेल्यावर मी गुपचूप बादली ओतली. संध्याकाळी तुम्ही सायकल लावलीत, मातीत बोट खुपसलंत.

"पाणी कुणी घातलं गं?"

"मी. मरायला लागलं होतं."

"मरत न्हवतं, फुलायला बसलं हुतं. इंजिनेर हुणार म्हणं, आन एवढा धीर न्हाय!"

"झाडापायी पोरीला कशाला बोलतायसा?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. त्या उन्हाळ्यात झाडाला लिंबू धरलं नाही. तुम्ही बावड्याच्या बाजारातनं लिंबं विकत आणलीत आणि सरबताचा पेला माझ्यापुढं ठेवलात. "घे. तुझ्या मायेचं."

मग तुमची किडनी. डॉक्टरांनी दिवसाला आठशे मिली पाणी सांगितलं. मी खुणा असलेलं मोजपात्र आणलं. माझ्याइतकं काटेकोर कुणी मोजलं नसतं. तुम्ही खिडकीतून लिंबोणीकडे बघत बसलेले असता. ओठ सुकलेले. "अर्धा कप दे की, पोरी." मी म्हणते, "आजचं संपलं, आप्पा." तुम्ही हसता. "आत्ता आला व्हय तुला धीर!"

तुम्ही गेल्यावर आठवड्याभरात मी ड्रिप बसवलं. रोज सकाळी सहाला, वीस मिनिटं. झाड हिरवंगार राहिलं आणि एक फूल आलं नाही. आई म्हणते, "पाडव्यापतोर लिंबू धरलं तर ठिवू, न्हायतर तोडून गाडीला जागा करू. नुसता पाला किती दिवस लोटायचा?" तिला वाटतं, मी ताण द्यायचं विसरले. तिचा तो समज मी तसाच राहू दिलाय. विसरले नव्हते. पुन्हा कुणाचं पाणी तोडणं मला जमत नव्हतं.

आता अडचण एवढीच आहे की कळी आल्यावर पाणी किती द्यायचं, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. जास्त झालं तरी कळी गळते, कमी झालं तरी गळते. माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी आहे. मी आज एक तांब्या घातला, मोजला नाही. हा कागद टायमरच्या रिकाम्या डब्यात ठेवतेय, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

सोमवारपर्यंत कळ्या उमलतील असं दिसतंय. तेव्हा रविवारपर्यंत कळवा.