क्लोव्हर कुणी राखला?

२९ मे
काझमिरचे गुडघे यंदा पुरते गेले. धाकटा भाऊ माझा, पण चालतो आमच्या वडिलांसारखा. म्हणाला, "बर्नी, हरणांच्या चाऱ्यासाठी क्लोव्हर पेरलेल्या तुकड्यातलं तण यंदा तूच बघ. एवढं तर जमेल ना?" एवढं तर! जन्मभर शिकारीच्या दिवसांत घरातल्या पुरुषांचे डबे भरले, रक्ताळलेले सदरे धुतले. मचाणाच्या शिडीला हात लावू दिला नाही कुणी.
बघते म्हटलं. पण वडिलांच्या नियमाची आठवण करून दिली – जो क्लोव्हर राखेल, हंगामाच्या पहिल्या पहाटे मचाण त्याचं. काझमिर हसला. हसू दे.

४ जून
सकाळी गेले तर गुडघाभर धुकं. क्लोव्हर पांढऱ्या फुलांवर आलाय आणि त्यात काटेरी तण माझ्या कमरेएवढं. कापायचं यंत्र सुरू करणार, तोच पायाशी पाडस. ठिपक्याठिपक्यांचं, कान पाडलेले. पळालं नाही. ते माझ्याकडे बघत राहिलं, मी त्याच्याकडे. किती वेळ, कोण जाणे. धुकं उठलं तेव्हा भानावर आले.
यंत्र ढकलत घरी आणलं. पाडसं पायावर उभी राहीपर्यंत कापणी नाही.

५ जून
ट्रॉय – काझमिरचा जावई – महागडं तणनाशक घेऊन हजर. "फवारलं की झालं, बर्नी आत्या." डबा वाचला. रुंद पानाचं दिसेल ते मारतं! क्लोव्हरचं पान काय सुईसारखं असतं? शाळेत नन्सनी आम्हाला बारीक अक्षरंही वाचायला लावली. याला कुणी ठळकही वाचायला लावलेली दिसत नाहीत.

११ जून
नळाचा जुना पाइप, कपडे वाळत घालायची सुती दोरी. पाइपला भोकं पाडून दोरी ओवली, आत साधं स्वस्त तणनाशक भरलं. दोरी नुसती ओली राहते. पाइप क्लोव्हरच्या वर आडवा धरून चालायचं – उंच तण दोरीला घासतं, खाली थेंब पडत नाही. आधी सगळा तुकडा फिरून पाडस नाही ना बघितलं.
ट्रॉय कुंपणाशी उभा. "तण मारताय की तीर्थ शिंपडताय, आत्या?"
दोन्ही, म्हटलं. जवळ ये, तुलाही लागेल.

२६ जून
तणाच्या माना पिवळ्या पडून कलल्यात. खाली क्लोव्हर हिरवागार. मधमाश्यांचा आवाज इतका, की जेवणाची वेळ टळली तरी उठवेना.

१० ऑगस्ट
पाडसं आता आईमागे उड्या मारतात. उरलंसुरलं तण वरच्या वर छाटलं, बी धरायच्या आत.

१२ ऑक्टोबर
काझमिरनं पहिल्या पहाटेच्या मचाणाचा शब्द ट्रॉयला दिलाय! मला न विचारता. "अगं, वर मरणाची थंडी असते. तुला नाही सोसायची." इतकी वर्षं हेच. खाली उतरायचे आणि किती हाल झाले ते सांगत माझं सूप ओरपायचे.
म्हटलं, उद्या चर्चमधल्या प्रार्थनेनंतर दफनभूमीत चल. वडिलांच्या थडग्याच्या दगडासमोर उभा राहा आणि क्लोव्हर कुणी राखला ते सांग.

१३ ऑक्टोबर
गेलो. टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग दगडाकडे बघतच म्हणाला, "बर्नीनं राखला."
मचाण माझं, हे ट्रॉयला त्यानंच सांगितलं.

१९ नोव्हेंबर
शिकारीचा परवाना काढला. खिडकीतला माणूस विचारतो, "नवऱ्यासाठी का?" म्हटलं, तो वारला. तिकडे लागत नसावा.

२३ नोव्हेंबर
हंगामाची पहिली पहाट, मचाणावर मी एकटी. एक हरिणी आली, गोठलेल्या दवानं पांढऱ्या झालेल्या क्लोव्हरमध्ये निवांत चरली, गेली. बंदूक मांडीवरच राहिली. उजेड एकेका झाडावर उतरत होता. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला काही हवं नव्हतं.
आणि मी आजवर समजत होते, हे पुरुष वर शिकारीला जातात!