त्रेपन्न न बघितलेले भाग

अण्णा, आईसाठी मी टीव्हीचा एक कॉम्प्युटर बनवला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा हे सांगून काय उपयोग, तेही कळतं. पण गेले आठ दिवस भांडी घासताना, क्लासला जाताना मनातल्या मनात तुमच्याशीच बोलणं चालू आहे आणि आता त्याचाही शीण आलाय. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी आईच्या डोळ्यांचं सांगते. तिला समोरचं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा झिजलाय, आहे ते सांभाळा. टीव्हीतल्या बाईच्या साडीचा रंग तिला कळतो, तोंड कळत नाही. त्यामुळं सात वाजताची तिची मालिका बघायला शेजारी माणूस लागतं. "ही कोन बोलली गं?" "सगळी गप का झाली?" "रडती का हसती?" घरात आता आम्ही दोघीच, म्हणजे माणूस मीच. परंड्यात माझे कॉम्प्युटरचे क्लास आहेत, ते मी पावणेसातला बंद करायची. त्याच वेळेला नोकरीवरून सुटलेली माणसं शिकायला येतात. त्यांना परत पाठवायचं, धावत घर गाठायचं आणि पाणीही न पिता तिच्याशेजारी बसायचं. तुमच्यापुढं कशाला लपवू, मला वैताग यायचा. एकदा मी तिला म्हणाले, "रडू दे नाहीतर हसू दे, तुला काय फरक पडतो?" पुढचा अर्धा तास तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर मी हे मशीन करायला घेतलं. क्लासमध्ये बंद पडलेले कॉम्प्युटर होतेच. एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याची जुनी हार्डडिस्क. नवीन घेतलं ते फक्त टीव्ही ट्यूनर कार्ड. त्यात डिशची वायर सरळ खोचली की चॅनेल कॉम्प्युटरवर दिसतात आणि वेळ लावून ठेवली की कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होतो. आईला आता कानांचाच आधार, म्हणून आतला पंखा घरघरायला नको. तीन पंखे बदलले तेव्हा एक मुका मिळाला. सगळे स्क्रू तुमच्या टेस्टरनं पिळले. दहावीला तुम्ही मला दिलेला, पिवळ्या मुठीचा. मैत्रिणींना घड्याळं मिळाली होती आणि मी दोन दिवस फुगून बसले होते, आठवतं? रिमोटच्या एका बटणावर डिंकानं ज्वारीचा दाणा चिकटवला, आईच्या बोटाला कळावा म्हणून. यूपीएससुद्धा जोडला. लाईट गेली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही.

"आता मालिका तुझ्यासाठी थांबंल," मी तिला म्हणाले. "कधीबी लाव, कधीबी बघ."

ती एकटी बघत नाही, अण्णा. "ऱ्हाऊ दे, तू आली की लावू," म्हणते. आणि मी क्लास संपवून साडेआठला घरी येते, भाकरी टाकते आणि म्हणते, "आज दमले गं. रेकॉर्ड झालंय की, उद्या बघू." पूर्वी सात म्हणजे सात होते, चिडत का होईना मी येऊन बसत होते. मशीननं ते सातच काढून घेतले. उद्या उद्या करत त्रेपन्न भाग साठले. आईनं एकदाही कुरकूर केली नाही. ती फक्त संध्याकाळी त्या दाण्यावरनं बोट फिरवत बसायची.

ढोकीचं आठवतं मला. तुम्ही कारखान्यात वायरमन, आपण वसाहतीत राहायला, आणि टीव्ही एकच, वसाहतीच्या हॉलमध्ये. आई तेव्हा चुलीपुढं. तिची मालिका तुम्ही बघायला जायचा, मला बोट धरून न्यायचा, आणि परत आलात की चौकटीला टेकून तिला सगळी सांगायचा. कोण कुणाला काय बोललं, कुणी दार आपटलं. तिची भाकरी थापायची थांबते, तवा तापून धूर येतो, आणि तुम्ही म्हणता, "आगं, भाकर बघ आदी."

निम्म्यात लाईट गेली तर तुम्ही शेवट मनानं रचायचा. तुमच्या शेवटात भांडणं मिटायची, रुसून गेलेला माणूस परत यायचा आणि सगळी पोटभर जेवून झोपायची. आई सगळं ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "लाईट गेल्ती व्हय?" तुम्ही हसून म्हणायचा, "गेल्ती." एकदा तिनं विचारायच्या आधीच मी ओरडले, "अण्णा खोटं सांगतेत!" तुम्ही मला अंगणात नेलं. आवाज चढवला नाहीत, पण चेहरा मी विसरले नाही. "तिला ऐकू वाटतंय तवर ऐकू द्यावं," तुम्ही म्हणालात. "पन तिनं इचारलं, की खरं सांगायचं. इचारल्यावर खोटं बोललं तर मग ते फसवनं झालं."

गेल्या रविवारी दुपारी हार्डडिस्क भरली. जागा करायची म्हणून मी ते त्रेपन्न भाग पुसून टाकले. एकेक बघत बसायचं त्राण माझ्यात नव्हतं. जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "आज सुट्टी हाय तुला. लाव की." मी म्हणाले, "मी बघितलेत सगळे. सांगते." आणि तिच्या पायाशी बसून सांगत सुटले. थोरली सून माहेरी गेली, दिरानं माफी मागितली, सासू स्वतः तिला आणायला गेली, मग सगळ्यांनी एका पंगतीत बसून पुरणपोळी खाल्ली. आई मान हलवत होती. कितीतरी दिवसांनी ती अशी खुलून ऐकत होती आणि मलाही बरं वाटत होतं. पंगत उठली आणि गोष्ट संपली.

आईनं माझ्या केसांवर हात ठेवून विचारलं, "लाईट गेल्ती व्हय गं?"

मी म्हणाले, "व्हय."

हा कागद मी टेस्टरच्या खणात टाकून देणार आहे. उद्या पावणेसातला क्लास बंद करीन म्हणते, जमेल तितके दिवस. पण त्या आधी एवढं तुम्हाला सांगायला हवं होतं. लाईट गेली नव्हती, अण्णा.