करुणा एनर्जी, क्लायमेट न्यूट्रल

३ डिसेंबर २००६, रविवार. सकाळ.

एका लिटर डिझेलची खरी किंमत काल हिंगोलीच्या शिबिरात कळली. पावणेतीन किलो धूर-वायू. पंपावर हे कोणी सांगत नाही. आपलं जनरेटरचं मशीन तासाला पाच लिटर पितं, संध्याकाळी बाजाराला लाईट द्यायला चार तास चालतं. म्हणजे रोज पंचावन्न किलो. रोज सोयाबीनचं एक पोतं आभाळात फेकल्यासारखं.

मी उठून विचारलं, साहेब, लिटरभर डिझेल साडेआठशे ग्रॅमच्या वर भरत नाही, मी स्वतः काट्यावर ठेवलंय, मग त्यातून पावणेतीन किलो निघतं कसं? हॉल हसला. साहेब म्हणाले, जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. मी खाली बसलो आणि तिथल्या तिथं फोड केली. पंचावन्नपैकी सतरा किलो माझे. बाकीचे अडतीस हवेचे. हवेनं आपलं पाहावं.

नवीन शब्द मिळाला : क्लायमेट न्यूट्रल. जितकं सोडलं तितकं शोषून घेतलं की माणूस मोकळा. पाच जूनला औरंगाबादची एक संस्था 'हरित ऊर्जा उद्योजक' म्हणून सन्मानपत्र देणार आहे. धोरण लिहून पाहिजे. ठरलं. वायरमनच्या मागं शिडी घेऊन फिरणारा ग्यानोबा सेनगावातली पहिली क्लायमेट न्यूट्रल जनरेटर कंपनी करून दाखवणार.

४ डिसेंबर.

धोरण लिहिलं. दीड पान. शेवटचं वाक्य फार चांगलं जमलं : 'आमचा धूर थेट आभाळात जातो, कोणाच्या वाट्याला येत नाही.'

बोर्ड रंगवायला टाकला. 'करुणा एनर्जी' खाली 'क्लायमेट न्यूट्रल'. लेकीचं नाव कंपनीला दिलं तेव्हापासून बरकत आहे. आमचा ऑपरेटर वसराम बोर्डापुढं पुष्कळ वेळ उभा राहिला. म्हणाला, भाऊ, बोर्ड वाचून मशीन सुधरंल का? जुना माणूस आहे.

बायकोला, सोजराला, खोकला. हवा बदलली.

ती म्हणते, ते धुराडं तेवढं दोन हात वर घ्या, बराबर माझ्या सैपाकाच्या खिडकीत तोंड हाय त्याचं. धोरणात बसतं. नोंद : पाइप उंच करणे. रविवारी.

१० डिसेंबर, रविवार.

पाइप झाला नाही. दोष माझा नाही. वेल्डरला लाईट पाहिजे. लाईट नाही म्हणून तर आपलं मशीन. मशीन चालू केलं तर वेल्डरला करंट मिळतो, पण मग पाइप तापतो, हात लावता येत नाही. मशीन बंद केलं तर पाइप थंड, पण वेल्डिंग बंद. वेल्डर शेडच्या दारात चहा पिऊन गेला. म्हणाला, काका, हे आधी काहून न्हाई सांगितलं?

२१ डिसेंबर.

संध्याकाळी सात वाजता मशीनचा आवाज किंचित बसला. दुसऱ्याला कळला नसता. मी वसरामला म्हणालो, कोणीतरी पंखा लावला, पूर्वेकडच्या लायनीत. गेलो तर देवला न्हाव्याच्या दुकानात टेबलफॅन, थंडीत! गिऱ्हाइकाचे केस वाळवत होता. देवला म्हणाला, काका, तुमचे कान हायेत का मीटर?

चौऱ्याऐंशी दुकानं, त्यातल्या एका बल्बचा फरक हे कान सांगतात. असा माणूस ज्या कंपनीवर लक्ष ठेवून बसलाय, तिचं नुकसान होणं शक्य नाही.

सोजरा म्हणाली, मी रात्रभर खोकत व्हते, तुमी उठले न्हाई. मला खरंच ऐकू आलं नाही. थकलो असेन.

२६ जानेवारी २००७.

झाडं. एक झाड वर्षाला वीस किलो शोषतं म्हणे. माझ्या वाट्याच्या रोजच्या सतरा किलोंना तीनशे दहा झाडं पुरतात. शाळेच्या मैदानात झेंडावंदनानंतर लावली. मंजूर तीनशे दहा, मिळाली साठ, खड्डे चाळीस. वीस रोपं मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेर ठेवली आहेत, तीही शोषतच असणार.

करुणा आली होती. शिरड शहापूरला मास्तरीण आहे, सुट्टीला येते. आल्या आल्या आईजवळ बसली. मग शेडमध्ये येऊन म्हणाली, पप्पा, मायला हे धुरानं होऊन राहिलंय. मी तिला धोरण वाचायला दिलं. तिनं वाचलं. लाल पेनानं 'थेट आभाळात'खाली रेघ मारून परत दिलं. मास्तरणीची सवय.

३० जानेवारी.

शेळ्या. उरली अकरा. ऑफिसबाहेरची वीस धरून एकतीस. नाउमेद व्हायचं नाही. तीनशे दहाच्या बरोबर दहावा हिस्सा आहे.

११ फेब्रुवारी, रविवार.

करंजीच्या तेलाचा प्रयोग. आखाडा बाळापूरहून दोन डबे आणले. चार भाग डिझेल, एक भाग करंजी. झाडाचं तेल, म्हणजे झाडानं आधीच शोषलेलं, म्हणजे हा धूर धुरात धरायचाच नाही. डोकं चाललं की चालतं.

काळ्याचा पांढरा धूर झाला. पांढरा म्हणजे स्वच्छ. वास मात्र करपलेल्या भज्यासारखा. सोजरा पदर तोंडाला लावून समोरच्या ओट्यावर जाऊन बसली. शेजारणीला म्हणत होती, आमच्या मालकानं धुराला पांढरे कपडे घातले. मी शेडमधून ऐकलं. माझे कान!

१३ फेब्रुवारी.

फिल्टर चोंदला. सव्वासातला मशीन बसलं ते नवाला उठलं. बाजार अंधारात. देवला मेणबत्ती घेऊन शेडपर्यंत आला आणि म्हणाला, काका, आज तर पुरेच न्यूट्रल झाले तुमी. लोक हसले. मीही हसलो. धंद्यात हसावं लागतं.

करंजी बंद. उरलेला दीड डबा धोरणात 'चालू संशोधन' म्हणून ठेवला.

८ मार्च. हिंगोलीहून परत.

सोजराला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, चुलीवर सैपाक करता का? ती म्हणाली, सहा वर्षं झाली, गॅस हाय. मग विचारलं, घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं? ती म्हणाली, मशीन. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, आम्ही एनर्जीमध्ये आहोत.

दम्याचा पंप दिला. तोंडात धरून दाबायचा. डॉक्टर म्हणाले, औषध अर्धं काम करील, बाकीचं मशीन हलवलं तर. दमा म्हणाले. माझं मत : तुरीच्या मळणीचा धुरळा. सीझन संपला की उतरेल.

तरी येताना जीपमध्ये विचार केला. शेड बाजारामागच्या पडीक जागेत नेली तर? तीनशे फूट केबल वाढते. शेवटच्या बारा दुकानांच्या ट्यूब मिणमिणतील. बारा दुकानं नाराज म्हणजे कंपनी सस्टेनेबल राहत नाही. हाही शब्द शिबिरातलाच. तेव्हा शेड पाच जूननंतर. नक्की.

 मध्येच एकदा सोजरा म्हणाली, लगीन होऊन आले तवा तुमच्याकडं एक पकड आन् एक टेस्टर व्हता. तवा मला झोप लागायची.

२९ मार्च.

पाइप : वेल्डरला निरोप दिला. त्याच्याकडे लग्न आहे.

१४ एप्रिल, शनिवार. जयंती.

सगळ्या सेनगावात लाईट नव्हती. फक्त आपल्या वस्तीत झगझगाट. स्टेज, कमान, माईक, सगळं करुणा एनर्जीवर, फुकट. पलीकडच्या गल्लीतले लोकसुद्धा उजेडाला आले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, माझ्या उजेडाशिवाय या भागात माणूस जगू शकत नाही. कोणी नाही म्हणालं नाही.

त्रिशरण दरवर्षी सोजरा सांगते. तिच्यामागं वस्ती म्हणते. पहिली फेरी बरी झाली. दुसऱ्या फेरीला आवाज बारीक होत गेला, मग तुटला. मला वाटलं, व्होल्टेज पडलं, माईक ओढत नाही. वसरामला ओरडून सांगितलं, रेस वाढव. त्यानं वाढवली. वारा स्टेजकडं होता. धूर सरळ तिकडं गेला.

माईक चांगला होता.

तिला खाली बसवलं. पुढचं त्रिशरण वस्तीतल्या जिवनबाईंनी सांगितलं. वसरामनं मला न विचारता मशीन बंद केलं. मग अंधारात सगळ्यांना तिचा श्वास ऐकू आला. गळक्या भात्यासारखा. मलाही आला.

१५ एप्रिल, रविवार.

करुणा सकाळच्या जीपनं आली आणि आईला घेऊन गेली. दोन लुगडी, पंप, चष्मा.  मी म्हणालो, हवापालट चांगला. तिनं फक्त विचारलं, पप्पा, पाइप कधी? मी म्हणालो, रविवारी. ती म्हणाली, आज रविवारच आहे.

सोजरा जीपमधून म्हणाली, गव्हाच्या पिठाच्या डब्यावर झाकण ठेवा, काजळी बसते.

१६ एप्रिल.

काजळी खरंच बसते.

२ मे.

स्वतः सैपाक. खिडकी लावून घेतली तर जीव घाबरा होतो, उघडली तर धूर. पिठलं काळं झालं. वसरामला दाखवलं. तो म्हणाला, वहिनींनी दहा वर्षं हेच खाऊ घातलं तुमाला, पण तवा वरचं काळं काढून देत व्हत्या.

मधूनमधून घसा खवखवतो. उन्हाळा.

२८ मे.

सन्मानपत्राच्या तपासणीला संस्थेचे दोन साहेब आले. बोर्ड, धोरण, शाळेतली झाडं (सात) दाखवली. करंजीचा डबा हातात घेऊन फोटो काढला. मग एकानं पाइपाकडं बोट केलं. विचारलं, ही खिडकी कोणाची? मी म्हणालो, आमचीच. तिथं कोण असतं? मी म्हणालो, सध्या कोणी नाही.

त्यांनी फॉर्मवर लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं : 'धुराने बाधित व्यक्ती : निरंक.'

चूक नव्हती. चहा दिला.

५ जून, मंगळवार.

मिळालं! काचेच्या फ्रेममध्ये. भाषणात माझं नाव घेतलं, 'सामान्य माणसाचा असामान्य उपक्रम.' टाळ्या. फ्रेम कोणाच्या हातात द्यावी ते समजलं नाही. शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

६ जून, बुधवार. शिरड शहापूर.

फ्रेम घेऊन आलो. करुणाचं घर दोन खोल्यांचं, पुढं अंगण. सोजरा अंगणात तूर पाखडत होती. धुरळा उडत होता. मी म्हणालो, अगं, तुला धुरळा चालत नाही. ती म्हणाली, चालते की. आणि सूप हलवत राहिली.

फ्रेम पाहिली. पदरानं काच पुसली. म्हणाली, छान हाय. पाणी दिलं.

मी सांगितलं, आता चल, बाजार तुझी आठवण काढतो. ती म्हणाली, मशीन हाय का तिथंच? मी म्हणालो, चौऱ्याऐंशी दुकानं आहेत सोजरा, लोकांना उजेड लागतो. ती म्हणाली, व्हय, लागतो. मग तुमी त्यांच्याजवळ राहा.

रागानं नाही म्हणाली. मी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली.

करुणाला बाजूला घेऊन विचारलं, खोकला कसाय? तिनं सांगितलं. मी परत विचारलं. तिनं तेच सांगितलं. सहाच्या आत सेनगावला मशीन चालू करायला पोचायचं म्हणून चारच्या जीपला बसलो. जीपमध्ये लिहीत आहे.

शिरड शहापुरात दिवसाला चौदा तास लाईट नसते. करुणाच्या गल्लीत जनरेटर नाही. सोजरा तिथं गेल्या महिनाभरात एकदाही खोकली नाही.