कमरेनं घातलेला साष्टांग

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला अगदी अक्षरशः. पालथा पडूनच लिहितोय, अक्षराला हसू नका.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे? इकडे आमच्या कमरेनं सगळ्यांवर ताण केलीय.

झालं असं, की दुकानात एक बाई बूट घ्यायला आल्या. मी सवयीनं कमरेतून वाकून त्यांच्या टाचेशी खटपट करत होतो (सगळा जन्म लोकांच्या पायाशीच गेला माझा!) आणि अशी कळ आली की तिथंच काटकोनात अडकलो. बाई संकोचून म्हणाल्या, "अहो, पुरे! घेते मी बूट, पण उठा." मालक लांबून खूश, काय हा नम्रपणा! मी कण्हलो तेव्हा कुठं उलगडा झाला.

नशीब थोर, बाई फिजिओथेरपिस्ट निघाल्या. एक बूट पायात, एक हातात अशा अवस्थेत त्यांनी मला खोक्यांच्या गराड्यात पालथं घातलं, कोपरांवर छाती उचलायला लावली आणि काउंटरवरचा जेलचा सोल उचलून मालकांची शिकवणी घेतली. मणक्यांमध्ये अशाच मऊ गाद्या असतात म्हणे. "पुढून दाबलं की आतलं जेल मागं सरकतं, बघा. हे दिवसभर वाकणार, गादी मागं फुगणार, आणि नस नेमकी मागंच!"

मालक सोल दाबत होते. न वाकणारा सेल्समन काय कामाचा, असंच मनात असणार. तेवढ्यात एक गिऱ्हाईक नुसतंच डोकावलं. जमिनीवरून मला त्याचे बूट स्वच्छ दिसले. "साहेब, उजवी टाच पार झिजलीय," मी खालूनच म्हणालो. ते दचकलं, हसलं आणि नवा जोड घेऊन गेलं. दुसऱ्याच दिवशी मालकांनी गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांखाली उंच ओटा करायला सुतार बोलावला. आता पाय वर माझ्याकडे येतात, मी खाली जात नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला (आडवा) धाकटा भाऊ

ता. क. रविवारी सामान हलवायला बोलावलंयत. पण तुमचा फ्रीज आणि माझी गादी यांची गाठ न पडलेली बरी. जेवायला मात्र येईन.

ता. ता. क. भाऊजी, यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. बाईंनी परवाच यांना ठणठणीत ठरवलंय. गाद्या रात्रभर पाणी पिऊन फुगतात, तेव्हा उठल्या उठल्या वाकायचं नाही, एवढंच पथ्य. रविवारी दुपारी यांना पाठवते. फ्रीजची खालची बाजू यांना द्या, गुडघ्यांतून वाकून उचलायला छान शिकलेत.