डोळा रडून लाल झालेला नाही

ती. ताईंना नमस्कार. तुमची कंबर आता सरळ झाली असेल आणि भाऊजी पथ्य पाळत नसतील, असं धरून चालते. इकडे मी ठीक आहे (हे रीत म्हणून, खरं पुढे येतंय).

वहिनी रडून रडून डोळे सुजवून बसली आहे, असं तुम्ही सगळ्या नात्यात सांगितलंत. ताई, डोळे नव्हे, डोळा. उजवा. एकाच डोळ्याने रडायची विद्या मला अजून आलेली नाही. तुमचे भाऊ जाऊन चौदा महिने झाले. रडायचं तेव्हा मी दोन्ही डोळ्यांनी रडते. पण तुमच्यापायी रोज कोणीतरी सांत्वनाला येतं, आणि उजेड सोसत नाही म्हणून मी पडदे ओढले की "अंधारात बसते हो बिचारी" म्हणत चहा पिऊन जातं.

खरा गुन्हेगार माझं आतडं. त्याला सूज येण्याचा जुना आजार तुम्हाला ठाऊकच आहे. मला वाटलं, तो पोटातच राहील. तर यंदा घोटे सुजले (हाडांचे डॉक्टर म्हणाले, शिवणयंत्र कमी चालवा), नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या (शेजारीण म्हणाली, कुठे आपटलात?), तोंड आलं. जो तो आपापला तुकडा बघतो, जणू मी सुटे भाग घेऊन फिरते! शेवटी वाचनालयातलं जाड पुस्तक चार दिवस बसून वाचलं. शरीराची राखण करणारी फौजच बिथरते म्हणे, आणि आतड्याबरोबर सांधे, कातडी, डोळे, सगळ्यांना झोडपते. तशीच पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "मावशी, डोळ्याचं आधी का नाही सांगितलंत?" म्हटलं, "तुम्ही पोटाचंच विचारलंत." त्यांनी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे धाडलं. सूज आत आहे, म्हणाल्या. आणखी अंगावर काढलं असतं तर नजर गेली असती. मग शर्टांना काजं कोणी केली असती, तुमच्या सहानुभूतीने?

तरी आता सगळ्यांना खरं काय ते सांगा.

तुमची वहिनी

ता. क. तीन आठवडे मीही डोळा कोणाला दाखवला नव्हता. मलाही वाटलं होतं, रडण्यानेच असेल.

आणखी एक. गुरुवारी पुन्हा तपासणी आहे. थेंब घातले की काही तास धड दिसत नाही, सोबत माणूस लागतं. मागच्या वेळी कागदावर 'सोबत कोण' पुढे मी सवयीने तुमच्या भावाचं नाव लिहिलं. तिथल्या बाई बाहेर जाऊन त्या नावाने दोनदा हाक मारून आल्या. या वेळी तुमचं लिहिते. याल ना?