खोकणाऱ्या म्हशीविषयी

ग्लासगो

तीर्थरूप आबा,

इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. थंडी फार आहे, पण भाकरी आता गोल होते. आईचे गुडघे कसे आहेत?

काल फोनवर आपल्या धाकट्या स्वप्नीलशी बोलताना मागून खोकला ऐकू आला. कोण खोकतंय, विचारलं. "म्हैस शे," तो म्हणाला. आपण म्हैस दोन वर्षांपूर्वी विकली, आबा. मग तुमचाच दबका आवाज आला, "किरणले सांगू नको."

इथे प्रयोगशाळेत मी फ्लूच्या विषाणूवर काम करते. तो पेशीत शिरला की पेशी शेजारच्या पेशींना ओरडून सांगते, चोर आलाय, दारं लावा. पण विषाणूचं एक प्रथिन तो निरोप आतल्या आत दाबतं. शेजारी गाफील राहतात आणि चोर एकेक घर घेत जातो. हे प्रथिन भडगावला आपल्या घरात सापडेल, असं मला वाटलं नव्हतं.

ताप आहे का, किती दिवस? तुम्हाला दमा आहे. फ्लू असला तर तो छातीत उतरायला वेळ लावत नाही. डॉक्टरांकडे आजच जा.

तुम्ही जाणार नाही, म्हणून हे पत्र स्वप्नीलच्या नाही, शेजारच्या रत्नाअक्काच्या फोनवर पाठवते आहे. अक्का ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचते. एव्हाना सगळी गल्ली जमली असेल.

त्यातल्या प्रेमराजदादाने त्याची रिक्षा आपल्या दारात आणावी.

तुमची लाडकी, आज जरा चिडलेली,
किरण